नऊशे खाती आणि एक तास

या महिन्यात समाजमाध्यमांविषयीची पत्रे इतकी आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलावे लागले. लिहिणाऱ्यांची वये आणि गावे वेगवेगळी असली तरी बहुतेकांची अडचण एकच आहे: कोणाला फॉलो करावे आणि कोणाला सोडावे. पत्रे जागेअभावी थोडक्यात दिली आहेत आणि या सदराच्या प्रथेप्रमाणे नावे छापलेली नाहीत.

प्रश्न: मी मराठीची निवृत्त शिक्षिका आहे. गेल्या सहा-सात वर्षांत फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर मिळून ९०० च्या आसपास खाती फॉलो केली. पक्षी, जुनी मराठी पुस्तके आणि बागकाम हे माझे विषय. पण फोन उघडला की दिसतात ती अनोळखी माणसांची भांडणे आणि संतांच्या नावावर खपवलेली, गाथेत कुठेही नसलेली वचने. अशा प्रत्येक ठिकाणी ‘हे तुकोबांचे नाही’ असे मी आवर्जून लिहिते, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही दाखवते, तरी हा प्रकार वाढतच चालला आहे. ही यादी कशी छाटावी? (मिरज)

उत्तर: छाटणीकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट सांगणे भाग आहे आणि ती आपल्याला रुचणार नाही. ही वचने आपल्यासमोर वाढत चालली आहेत, त्यात आपल्या दुरुस्त्यांचाही हात आहे. आपण एखाद्या नोंदीवर थांबता, ती दोनदा वाचता आणि तिच्याखाली चार ओळी लिहिता, तेव्हा त्या चार ओळींत कौतुक आहे की कानउघाडणी, याच्याशी फीड, म्हणजे आपल्यापुढे येणाऱ्या नोंदींची रांग, लावणाऱ्या यंत्रणेला फारसे कर्तव्य नसते. आपण थांबलात एवढे तिला पुरते आणि उद्या ती तशाच आणखी दोन नोंदी पुढे करते. वर्गात चुकीच्या उत्तरावर लाल शाई फिरवली की मूल पुढच्या वेळी सावध होते. इथे लाल शाई दिसली की तोच पेपर पुन्हा पुन्हा तपासायला येतो. तेव्हा खोटे वचन दिसले की उत्तर न लिहिता त्या नोंदीच्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांवर बोट ठेवून ‘यात रस नाही’ अशा अर्थाचा पर्याय निवडावा आणि पुढे जावे. चूक न सुधारता पुढे जाणे शिक्षकाच्या स्वभावात बसत नाही, हे मला मान्य आहे.

दुसरी गोष्ट अशी की फॉलो करणे आणि प्रत्यक्षात दिसणे यांतले नाते आता पूर्वीइतके घट्ट राहिलेले नाही. २००६ मध्ये फेसबुकने न्यूज फीड सुरू केले तेव्हा त्यात ओळखीच्या माणसांच्याच घडामोडी असत आणि इन्स्टाग्रामवरही २०१६ पर्यंत नोंदी सरळ वेळेच्या क्रमाने दिसत. आज तसे नाही. एप्रिल २०२४ मध्ये या दोन्ही माध्यमांच्या मालक कंपनीच्या प्रमुखांनीच सांगितले होते की फेसबुकच्या फीडमधील सुमारे ३० टक्के नोंदी शिफारस करणारी यंत्रणा आणून देते आणि इन्स्टाग्रामवर लोक जे पाहतात त्यातील निम्म्याहून अधिक मजकूर असाच आलेला असतो. म्हणजे आपण ९०० ची यादी कितीही निगुतीने छाटली, तरी मुख्य पानावरची गर्दी तेवढ्याने ओसरणार नाही. त्यासाठी दारच बदलावे लागते. फेसबुकच्या मेनूमध्ये ‘फीड्स’ नावाचा वेगळा भाग आहे, तिथे शिफारशी नसतात. इन्स्टाग्रामने मार्च २०२२ मध्ये ‘फॉलोइंग’ आणि ‘फेव्हरेट्स’ अशा दोन निवडी दिल्या; दोन्हींत नोंदी वेळेच्या क्रमाने येतात आणि फेव्हरेट्समध्ये ५० पर्यंत खाती ठेवता येतात. वाचायला बसताना या दारांनी आत जावे.

आता छाटणी. साधा हिशेब करू. एका खात्याच्या दिवसाला दोन नोंदी आणि एका नोंदीला अर्धे मिनिट धरले, तर ९०० खात्यांना रोज १५ तास लागतील. ६० खात्यांना एक तास. निवृत्तीनंतरही दिवस २४ तासांचाच असल्यामुळे साठाच्या आसपास थांबावे असे माझे मत आहे. हे साठ निवडण्यासाठी एक वही घ्यावी आणि आठवडाभर फक्त एवढेच लिहावे, की कोणत्या खात्यामुळे आपण काही केले: एखादे पुस्तक कपाटातून काढले, कुंडी हलवली, खिडकीतला पक्षी ओळखला किंवा कोणाला फोन केला. ज्यांची नावे वहीत आली नाहीत ती सगळीच वाईट असतील असे नाही. पण त्यांना ठेवायचे कारण आठवत नसेल, तर सोडायला हरकत नसावी. सोडलेले खाते पुन्हा फॉलो करता येते, हे ध्यानात ठेवले की हात थरथरत नाही.

संस्था आणि व्यक्ती यांच्यात निवड करायची झाल्यास मी बहुधा व्यक्तीकडे झुकते. आपल्याकडच्या बऱ्याच संस्थांची पाने शाल-श्रीफळ आणि दीपप्रज्वलनाच्या छायाचित्रांनी भरलेली असतात. पक्ष्यांच्या बाबतीत १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारखी संस्था यादीत जरूर असावी; पण खरी गंमत असते ती आपल्याच जिल्ह्यातील पाणवठ्यावर रोज सकाळी जाऊन ‘आज चक्रवाक आले’ असे दोन ओळींत लिहिणाऱ्या एखाद्या माणसाच्या खात्यात. अशी खाती शिफारशींत फारशी वर येत नाहीत. ती शोधण्याची जुनी युक्ती म्हणजे आपल्याला आवडलेले एक खाते घ्यावे आणि ते स्वतः कोणाला फॉलो करते ती यादी उघडावी.

प्रश्न: माझी तीन एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना एका हवामान पानाने ‘येत्या ७२ तासांत नाशिक जिल्ह्यात ढगफुटी’ असे रंगीत नकाशासह टाकले. घाबरून डाऊनी या बुरशीजन्य रोगासाठी दोन फवारण्या घेतल्या आणि पाऊस आलाच नाही. पुढे खरोखर पाऊस झाला तेव्हा ते पान गप्प होते. मोबाइलवर अशी वीसेक हवामान खाती आहेत. ठेवायची कोणती? (ता. निफाड)

उत्तर: तुमच्या पत्रातील एका शब्दावरूनच त्या पानाची परीक्षा होते. भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येप्रमाणे सुमारे २० ते ३० चौरस किलोमीटरच्या भागात एका तासात १०० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडला, तर ती ढगफुटी. इतक्या लहान जागेत आणि इतक्या थोड्या वेळात घडणारी गोष्ट तीन दिवस आधी, तीही अख्ख्या जिल्ह्याच्या नावाने, कोणालाही सांगता येत नाही. जो सांगतो त्याला एकतर शब्दाचा अर्थ माहीत नाही किंवा तुमचे भय त्याच्या उपयोगाचे आहे. असे खाते त्याच दिवशी बंद करावे.

रंगीत नकाशाबद्दलही थोडे सांगते. जगातील काही हवामान केंद्रांची संगणकीय प्रारूपे दिवसातून अनेकदा नवे अंदाज देतात आणि त्यांचे नकाशे कोणालाही फुकट पाहता येतात. त्यातील दहाव्या दिवसाचा, सर्वांत भडक दिसणारा नकाशा उचलून टाकणे हे दोन मिनिटांचे काम आहे. पण दुसऱ्या दिवशी त्याच प्रारूपाने तो पाऊस पुसून टाकलेला असतो आणि ते मात्र कोणी टाकत नाही. म्हणून नकाशा टाकणाऱ्याने तो कोणत्या प्रारूपाचा, कोणत्या दिवशी काढलेला आणि किती दिवस पुढचा हे लिहिले आहे का, एवढे पाहावे. लिहिणारे फार थोडे निघतील, आणि जे निघतील ते बहुधा ठेवण्यासारखे असतील.

पहिले खाते मूळ स्रोताचे असावे. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी मुंबईचे प्रादेशिक हवामान केंद्र जिल्हावार इशारे देते. त्यातील रंगांचा अर्थ पावसाच्या आकड्यापेक्षा तयारीशी जोडलेला असतो: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. त्याहून महत्त्वाचे शब्द लोक वाचतच नाहीत. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या क्षेत्रातील जास्तीत जास्त २५ टक्के पर्जन्यमापन केंद्रांवर, ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के केंद्रांवर पावसाची शक्यता. ‘नाशिक जिल्ह्यात तुरळक ठिकाणी पाऊस’ असा इशारा असेल आणि तुमच्या शिवारात थेंबही पडला नाही, तर अंदाज चुकला असे म्हणता येत नाही. हे एकदा लक्षात आले की सरकारी अंदाजावरचा निम्मा राग निवळतो; उरलेला निम्मा कधीकधी रास्तही असतो.

फवारणीचा निर्णय मात्र नुसत्या पावसावर घेऊ नये. पुण्याजवळ मांजरीला असलेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र हवामानावर आधारित सल्ला देते आणि तुमच्यासाठी तो कोणत्याही हवामान पानापेक्षा अधिक कामाचा आहे, कारण त्यात बागेची अवस्था धरलेली असते. २०१९ मध्ये आलेले ‘मेघदूत’ हे ॲप शेतीसाठीचा जिल्हावार सल्ला देते आणि विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ आहे. ही दोन्ही फॉलो करण्याची खाती नाहीत, पण वीस खात्यांपैकी पंधरांचे काम ती दोघे मिळून करतील.

उरलेल्या पाचांची परीक्षा एका हंगामात होईल. दिनदर्शिकेवर प्रत्येकाने काय सांगितले आणि तुमच्या बागेत काय झाले, हे पेन्सिलीने लिहीत जा. चुकले की ‘आमचा अंदाज चुकला’ असे लिहिणारा ठेवा. चुकलेली नोंद गुपचूप काढून टाकणारा सोडा. आणि ज्याच्या प्रत्येक अंदाजाच्या शेवटी एखाद्या औषधाचे नाव आणि दुकानाचा क्रमांक असतो, तो हवामानतज्ज्ञ नसून विक्रेता आहे. विक्रेता म्हणून तो चांगलाही असेल, पण त्याला या यादीत जागा नाही.

प्रश्न: मी राज्यसेवेची तयारी करतो. परीक्षेच्या तारखा सांगणाऱ्या एका खात्याला निळी खूण होती आणि नावात ‘अधिकृत’ शब्दही होता, तरी त्यावरची ‘परीक्षा पुढे ढकलली’ ही बातमी खोटी निघाली. मग निळ्या खुणेला अर्थ काय? (बारामती)

उत्तर: आता फारच थोडा. पूर्वी ट्विटर ही खूण ओळख तपासून, पैसे न घेता देत असे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती विकत मिळू लागली आणि एप्रिल २०२३ मध्ये जुन्या पद्धतीने दिलेल्या खुणा काढून घेण्यात आल्या. विक्री सुरू झाली त्याच आठवड्यात अमेरिकेतील एका मोठ्या औषध कंपनीच्या नावाने निळी खूण घेतलेल्या बनावट खात्याने ‘इन्सुलिन आता मोफत’ असे जाहीर केले आणि खऱ्या कंपनीला माफी मागत खुलासा करावा लागला. आज एक्सवर (ट्विटरचे नवे नाव) सरकारी खात्यांना करडी आणि संस्थांना सोनेरी खूण असते. निळीचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की कोणीतरी वर्गणी भरतो आहे. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरही २०२३ पासून वर्गणी भरून खूण मिळते. तिथे ओळखपत्र तपासतात, पण ओळखपत्र खरे म्हणजे बातमी खरी असे होत नाही.

तुम्ही दिशा उलटी करावी. खात्यावरून लोकसेवा आयोगाकडे जाऊ नका. आयोगाच्या संकेतस्थळावर जा आणि तिथे दिलेल्या दुव्यावरून खात्याकडे या. परीक्षेची तारीख बदलली तर तिचे प्रसिद्धिपत्रक संकेतस्थळावर असणारच. नसेल तर ती बातमी नाही. दुसरे म्हणजे खात्याचा पूर्वेतिहास पाहण्याची सोय आहे. फेसबुक पानाच्या ‘पारदर्शकता’ विभागात ते कधी सुरू झाले, आधी त्याची कोणती नावे होती आणि चालवणारे कोणत्या देशात आहेत, हे दिसते. इन्स्टाग्रामवर ‘या खात्याविषयी’ या पर्यायात खाते केव्हा उघडले ते कळते आणि पुष्कळदा त्याने नाव किती वेळा बदलले तेही. पूर्वी विनोदांचे असलेले पान अनुयायांसकट विकले जाऊन रातोरात ‘भरती अपडेट’ होते, असे प्रकार या विभागात उघडे पडतात. टेलिग्रामच्या चॅनेलवर असा इतिहास सहज दिसत नाही, म्हणून तिथली तारीख ताडून पाहिल्याशिवाय मित्रांच्या गटात टाकू नये.

प्रश्न: नोकरी लागून दीड वर्ष झाले. गुंतवणूक शिकण्यासाठी काही मराठी रील करणाऱ्यांना फॉलो करते. ते सांगतात ते शिक्षण, सल्ला की जाहिरात, हे कळत नाही. (ठाणे)

उत्तर: तुम्हाला जे कळत नाही ते न कळावे अशीच पुष्कळदा त्या रीलची मांडणी असते, त्यामुळे स्वतःला दोष देऊ नका. कायद्याने मात्र या तिघांत रेघ ओढलेली आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पैसे, फुकट वस्तू, सहल किंवा सवलत यांपैकी काहीही घेऊन एखाद्या वस्तूची भलामण केली, तर ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित’ असे स्पष्ट सांगावे लागते, आणि तेही ज्या भाषेत भलामण केली त्याच भाषेत. मराठीत गोड बोलून खाली हॅशटॅगांच्या ढिगात एक इंग्रजी अक्षरसमूह दडवणे या सूचनांत बसत नाही. फसव्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

शेअरबाजाराच्या बाबतीत नियम आणखी कडक आहेत. अमुक शेअर घ्या, तमुक विका, असा सल्ला पैसे घेऊन द्यायचा तर सेबी या शेअरबाजाराच्या नियामक संस्थेकडे नोंदणी लागते. गुंतवणूक सल्लागाराच्या नोंदणी क्रमांकाची सुरुवात ‘आयएनए’ या अक्षरांनी, तर संशोधन विश्लेषकाच्या क्रमांकाची ‘आयएनएच’ने होते. हा क्रमांक खात्यावर लिहिलेला असला तरी सेबीच्या संकेतस्थळावरील यादीत ताडून पाहावा, कारण दुसऱ्याचा क्रमांक चिकटवणारेही असतात. जानेवारी २०२५ मध्ये सेबीने असेही स्पष्ट केले की केवळ शिक्षण देतो असे म्हणणाऱ्याने गेल्या तीन महिन्यांतील बाजारभाव वापरून एखाद्या रोख्याविषयी बोलू नये. ही कसोटी तुमच्या फार उपयोगाची आहे: कालच्या भावाचा आलेख दाखवून ‘हे फक्त शिक्षणासाठी’ म्हणणारा माणूस शिक्षक नाही.

माझे वैयक्तिक मत विचाराल, तर सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत या विषयावर कोणालाही रोज फॉलो करण्याची गरज नाही. चक्रवाढ व्याज, आरोग्य विमा आणि आणीबाणीसाठी बाजूला ठेवायची रक्कम यांत दर सोमवारी नवे काही घडत नसते. रीलवाल्याला मात्र दर सोमवारी काहीतरी टाकावेच लागते.

प्रश्न: माझा धाकटा भाऊ म्हणतो की मी फक्त माझ्या मताच्या लोकांना फॉलो करतो, म्हणून माझे विचार आकसले आहेत. विरुद्ध मताची खाती मुद्दाम घ्यावीत का? (कोल्हापूर)

उत्तर: भाऊ म्हणतो त्यात तथ्य आहे, पण त्याने सुचवलेले औषध जपून घ्यावे. अमेरिकेतील काही समाजशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ट्विटर वापरणाऱ्या लोकांना थोडे पैसे देऊन त्यांनी विरुद्ध पक्षाची मते प्रसारित करणारे एक स्वयंचलित खाते महिनाभर फॉलो करायला लावले. महिन्याअखेरीस रिपब्लिकन पक्षाचे लोक मवाळ होण्याऐवजी आपल्या मतांत अधिक पक्के झालेले आढळले. डेमोक्रॅटांत म्हणावा असा फरक पडला नाही. तो देश आणि त्याचे राजकारण वेगळे आहे, तरी आपला अनुभवही फार वेगळा नसावा. समोरच्या बाजूचे जे लोक आपल्यापर्यंत पोहोचतात ते बहुधा सर्वांत कर्कश बोलणारे असतात आणि त्यांना ऐकून आपण त्यांच्या मताविषयी नव्हे, फक्त त्यांच्या आवाजाविषयी मत बनवतो.

म्हणून पक्षांच्या प्रवक्त्यांना आणि टोमणे मारणाऱ्या पानांना वगळून, ज्या विषयावर तुमचे मत पक्के आहे त्या विषयात प्रत्यक्ष काम करणारा पण तुमच्याशी असहमत असलेला माणूस शोधावा. ऊसदराविषयी तुमचे मत कारखान्याच्या बाजूचे असेल तर हिशेब मांडून लिहिणारा एखादा ऊस उत्पादक, शेतकऱ्याच्या बाजूचे असेल तर साखरेचे अर्थकारण जाणणारा एखादा माणूस. अशी दोन-तीन खाती पुरेत. एक्सवर ‘लिस्ट’ नावाची सोय आहे. तिच्यात फॉलो न करताही खाती ठेवता येतात आणि लिस्ट खासगी ठेवली तर कोणाला कळतही नाही. विरुद्ध मताची मंडळी तिथे ठेवून डोके शांत असेल तेव्हाच उघडावीत. रात्री जेवणानंतर तर मुळीच नको.

प्रश्न: भाच्याच्या दिवसाला पंधरा पोस्ट असतात, सगळ्या नेत्यांच्या वाढदिवसांच्या. त्याला काढून टाकले तर नणंदबाईंपर्यंत बातमी जाईल. काय करू? (डोंबिवली)

उत्तर: काढू नका, फेसबुकवर त्याला मैत्रीत ठेवून फक्त ‘अनफॉलो’ करा. मैत्री तशीच राहते, पोस्ट दिसत नाहीत आणि त्याला तशी सूचनाही जात नाही. धीर होत नसेल तर ‘स्नूझ’ निवडा, म्हणजे तो ३० दिवस गप्प राहील. एखाद्या महानगरपालिका निवडणुकीपुरते तेवढे पुरते. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप स्टेटसवर ‘म्यूट’ने हेच काम होते. फक्त पुढच्या घरगुती कार्याला जाण्यापूर्वी त्याच्या भिंतीवर एकदा जाऊन या. ‘मामी, माझी पोस्ट पाहिलीत का?’ हा प्रश्न तिथे विचारला जाणारच.